बेहोशीवाल्या डॉक्टरांशी सौदा

पांढुर्ण्याला जाऊन आले म्हटलं की लोक लगेच विचारतात, दगड पाहिले का? पाहिले. नदीत असतात तसे नदीत पडून होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. ती गोटमार पाहायला बाहेरचे लोक येतात आणि संध्याकाळी निघून जातात. मी माघात गेले. नदीला घोट्याएवढं पाणी होतं, काठावर धुणं वाळत होतं आणि रस्त्यारस्त्यावर संत्र्यांच्या गाड्या भरत होत्या. हा मुलूख ज्यांना फक्त त्या एका दिवसापुरता ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी गेले ते एका ऑपरेशनसाठी. माझं नव्हे. वृषाली आणि मी पुण्यात एका खोलीत राहतो. तिच्या आईच्या, म्हणजे पुष्पाकाकूंच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुखण्याचे झटके वाढत चालले होते आणि कावीळ होण्याआधी पित्ताशय काढून टाका असं सर्जननी सांगितलं होतं. काकू नाही म्हणत होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांची गर्भपिशवी काढली होती. ते ऑपरेशन उत्तम झालं, टाके वेळेवर सुकले, आणि काकू मात्र बोलेनाशा झाल्या. रडायच्या, दार वाजलं तरी दचकायच्या, ताट तसंच सरकवून द्यायच्या. घरच्यांनी त्याला कमजोरी म्हटलं आणि टॉनिकच्या बाटल्या आणल्या. आता त्या म्हणत होत्या, पोट दुखून मेले तरी चालेल, पण पुन्हा त्या टेबलावर झोपणार नाही.

"तू चल," वृषाली म्हणाली. "तू कुणाशीही भांडतेस. तिच्याशीही भांड."

भांडायला मी तयारच असते. आमच्या सांगलीच्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. हुंडा, दारू, औषधांच्या किमती, रुग्णाचे हक्क. मला अक्षरओळखच पत्रकांवरून झाली. मी स्वतः लिहिलेलं शेवटचं पत्रक व्यसनांवर होतं. त्यात केटामाइन नावाच्या भुलीच्या औषधाबद्दल एक जळजळीत परिच्छेद होता, कारण शहरातली पोरं ते नशेसाठी घेतात. त्या परिच्छेदाचा मला अभिमान होता. थोड्याच दिवसांत तो मला जड जाणार होता.

पांढुर्णा

स्टेशनावरच्या पाट्या हिंदी, दुकानांच्या पाट्या हिंदी, रिक्षावाल्याने भावही हिंदीतच सांगितला. मी वृषालीला काहीतरी म्हणाले तसा तो मान वळवून म्हणाला, "मराठी हा तं आधी सांगाचं ना बाई. मी काहून हिंदी झाडून राहिलो?" राज्य मध्य प्रदेशचं, बोली विदर्भाची आणि यात कुणालाच काही अवघड वाटत नाही. भाषेवरून डोकी फोडणाऱ्यांनी इथे येऊन चार दिवस राहावं.

घर दुकानाच्या वर. खाली वृषालीच्या बाबांचं, वामनकाकांचं, पाइपांचं आणि मोटरपंपांचं दुकान, वर दोन भावांचा एकत्र संसार. काकूंच्या थोरल्या जाऊबाई, कमलाबाई, यांच्या हातात स्वयंपाकघर. पहिल्याच दुपारी पाटवडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. कमलाबाई म्हणाल्या, "वरतून सांबार टाकू काय?" मला वाटलं आता इडलीबरोबरचं सांबार ओततात की काय. त्यांनी मूठभर कोथिंबीर टाकली. रस्स्याच्या तर्रीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि सगळं घर हसलं.

काकू हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर स्वच्छ साडी, नीट घातलेली वेणी, आणि चेहरा कुणीतरी घडी घालून ठेवल्यासारखा.

"कशा आहात काकू?" मी विचारलं.

"एकदम ठीक आहे जी," कमलाबाई म्हणाल्या. "थोडी कमजोरी आहे, बस."

"झोप लागते का?"

"झोपते ना," वामनकाका म्हणाले. "रातभर झोपते."

काकू भाकरीचे तुकडे करत राहिल्या. खात नव्हत्या.

आमच्याकडे आजारी माणूस म्हणजे सभेचा अध्यक्ष. माझ्या आजोबांनी आपल्या प्रोस्टेटची हकीकत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितली होती, तीही हातवारे करून. इथे उलट. आजाऱ्याने गप्प बसायचं, उत्तरं घरच्यांनी द्यायची. यात दुष्टपणा नाही, उलट माया आहे. आजाऱ्याला बोलायचे कष्ट कशाला, असा हिशेब. पण दोन दिवस मी काकूंना प्रश्न विचारत होते आणि दुसऱ्यांची उत्तरं ऐकत होते. माझं डोकं तापत चाललं होतं.

सावरगाव

तिसऱ्या दिवशी सकाळी वामनकाकांनी आम्हा दोघींना नदीकडे नेलं. पूल ओलांडला की सावरगाव. काकांनी मला नदीच्या मधली जागा दाखवली. तिथे पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि तो मिळवायला दोन्ही काठांची झुंज. मुळाशी गोष्ट एका पळून जाणाऱ्या जोडप्याची. पोरगी सावरगावची, पोरगा पांढुर्ण्याचा, आणि दोघं नदीतच सापडले.

"प्रेमासाठी मेलेल्यांच्या नावाने दरवर्षी डोकी फोडायची," मी म्हणाले. "याला तुम्ही श्रद्धा म्हणता?"

"तू नोको म्हणू," काका शांतपणे म्हणाले आणि टोपी वर सरकवून कपाळ पुढे केलं. भुवईपासून केसांपर्यंत एक पांढरी रेघ होती. "हे पाह्य. मी एकवीस वर्षांचा होतो. देवीची राख लावली अन् अजून अर्धा घंटा दगड मारले. मंग चक्कर आली."

पुलावर दुधाची कॅन घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. "वामन, पाव्हणीले दाखवून राहिला काय? अबे, थो गोटा माया होता."

"तुया कसा? तुया हात तं नदीच्या अर्ध्यापर्यंतही नाही पोचत."

दोघंही मनापासून हसले. ज्याने कपाळ फोडलं तो आणि ज्याचं फुटलं तो. माझ्याकडे या प्रथेविरुद्ध बरेच मुद्दे होते, अजूनही आहेत, पण त्या हसण्यापुढे ते काढायला मला जागा मिळाली नाही.

काका म्हाताऱ्याबरोबर पुढे गेले तशी वृषाली कठड्याला टेकली. "बाबांच्या डोक्याला किती टाके पडले ते अख्ख्या गावाला पाठ आहे," ती म्हणाली. "आई दीड वर्ष रडते आहे. ते शेजारच्या घरालाही माहीत नाही."

परत आल्यावर मी काकूंशी भांडले नाही. गच्चीवर त्या एकट्या असताना एवढंच म्हटलं, की मागच्या खेपेला तुमचं मन का खचलं हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारू. ऑपरेशनला हो म्हणू नका. फक्त विचारायला चला.

 त्या म्हणाल्या, "तिथून पुढं मले रामाकोन्याले सोडा. भावाकडं. इथं नोको आणू."

हो म्हणायला मला एक क्षणही लागला नाही.

सौंसर

सौंसरच्या बसस्टँडवर आलूबोंडा रश्शात बुडवूनच देतात आणि चमच्याने खातात. मी सांगलीच्या सवयीने तो हातात धरून चावला आणि लाल रस्सा माझ्या पांढऱ्या कुडत्यावर पोटापर्यंत ओघळला. वृषालीने पाण्याने पुसून डाग दुप्पट मोठा केला. त्याच अवतारात मी दवाखान्यात गेले.

वाटेत बैलबाजार लागला. दोन माणसं समोरासमोर उभी होती, एकाच्या खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकलेला. तोंडाने एक शब्द नाही. दुपट्ट्याखाली बोटं हलत होती. एकाने मान झटकली, पुन्हा बोटं हलली, मग दोघांनी हात सोडले आणि बैलाचा कासरा एकाकडून दुसऱ्याकडे गेला.

काकू थांबल्या होत्या. "बाबा असेच उभे राहत," त्या म्हणाल्या. कुणी विचारलेलं नसताना त्या बोलल्या, असं मी प्रथमच पाहत होते. "दलाल होते ना माये बाबा. जितकी बोटं धरली तितका आकडा."

"पण तोंडाने का नाही सांगत?"

"बोलला का चार लोकं मधात पडतात. याले वाटते जास्त, त्याले वाटते कमी. बोटाचा आकडा दोघायचाच राहते."

दवाखाना लहान, स्वच्छ. भूल देणारे डॉक्टर नागपूरहून ऑपरेशनच्या दिवशी येतात. इकडे त्यांना सगळे बेहोशीवाले डॉक्टर म्हणतात. चाळिशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आधी माझ्या कुडत्याकडे पाहिलं. "पेशंट तुम्ही काय?"

खोलीत आम्ही पाच जण शिरलो होतो: काकू, काका, कमलाबाई, वृषाली आणि मी. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तपासण्या पाहिल्या. मग विचारलं, "मागच्या ऑपरेशननंतर काही त्रास?"

"नाही जी," काका म्हणाले. "एकदम फस्क्लास."

"मन कसं होतं?"

"मनाले काय होते?" कमलाबाई म्हणाल्या. "घरात काहीच कमी नाही."

वृषालीने तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी तिला हाताने थांबवलं. ते काकूंकडे वळले. "ताई, मी इथल्याच रामाकोन्याचा आहे. मला एक आकडा सांगा. मन बिलकुल चांगलं असेल तर शून्य. जगणंच नको वाटत असेल तर दहा. आज किती?"

काकूंनी खाली पाहिलं. काका म्हणाले, "दोन लिहा जी, दोन."

काकूंनी हात लांब केला. मला वाटलं पाणी मागताहेत. त्यांनी काकांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, टेबलावर पसरला, त्याखाली आपला हात घातला आणि म्हणाल्या, "हात द्या, डॉक्टर."

 डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि हात दुपट्ट्याखाली सरकवला. दुपट्ट्याची घडी एकदा हलली, पुन्हा हलली. डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही, एवढंच दिसलं की त्यांनी लगेच हात सोडला नाही.

"किती म्हणते?" काका म्हणाले.

"आकडा बाहेर सांगत नसतात, वामनराव."

"मी नवरा हाव तिचा."

"तुम्ही नवरे आहात. सौदा त्यांचा-माझा आहे."

काका उभे राहिले आणि पुन्हा बसले. कमलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. तो आकडा किती होता ते मला आजही माहीत नाही, आणि तो विचारायचा हक्क कुणाला नाही, मलाही नाही.

मग डॉक्टर काकूंशीच बोलले, बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकावं अशा आवाजात. ऑपरेशननंतर मन खचणं, भीती वाटणं हे खरं दुखणं आहे आणि ते अनेकांना होतं. भुलीबरोबर एक औषध अगदी थोड्या मात्रेत देता येतं. औषध जुनं आहे, भूल देण्यासाठी वर्षानुवर्षं वापरतात. त्याच्या लहान मात्रेने ऑपरेशननंतरची उदासी आणि भीती काही जणांना कमी होते असं अभ्यासांत दिसलेलं आहे. सगळ्यांना नाही. आणि गुण आला तरी तो किती दिवस टिकेल, हेही सांगता येत नाही. "केटामाइन म्हणतात त्याला," ते म्हणाले.

मी तिथेच उसळले. "हे तर नशेचं औषध आहे."

 मी पुढे बोलत राहिले. माझ्या पत्रकातलीच वाक्यं होती, मला ती तोंडपाठ होती. गरीब माणसावर प्रयोग, कंपन्यांचा फायदा, गुलाबी स्वप्नांचा बाजार. डॉक्टरांनी मला तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "नशेसाठी घेतात, खरं आहे. जास्त घेतात, वारंवार घेतात, आणि आयुष्याची वाट लागते. त्यावर जरूर लिहा. माझ्या हातात ते मोजून असतं, एकदाच, आणि रक्तदाबाच्या यंत्रावर माझी नजर असते."

पण उशीर झाला होता. काका दाराशी पोचले होते. "आमच्या घरच्या बाईले नशा नाही पाहिजे. चाला." आणि ज्या ऑपरेशनला राजी करायला मी पुण्याहून आले होते, त्या ऑपरेशनवर मीच पाणी ओतलं.

रामाकोना

ठरल्याप्रमाणे काकूंना माहेरी सोडलं. काका आणि कमलाबाई पांढुर्ण्याला परतले, आम्ही दोघी काकूंबरोबर राहिलो. वाटेत काकूंना झटका आला. जीपच्या मागच्या सीटवर त्या पोट धरून वाकल्या, कपाळ घामाने भिजलं, आणि मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. हे असं किती वेळा, आणि कधीतरी खडा नळीत अडकेल. सर्जननी तेच सांगितलं होतं.

काकूंच्या भावाची, दिनूमामांची, बाग गावाबाहेर. मृगाच्या बहाराची संत्री उतरवणं चालू होतं. बायका झाडाखाली बसून फळं वेगळी करत होत्या, मोठी एका ढिगात, डागाची दुसऱ्या. इथलं संत्रं हाताने सोलताना साल सहज सुटते, आणि पहिली फोड तोंडात टाकली की कळतं, आपण शहरात या नावाखाली काहीतरी भलतंच खात होतो. मामांनी ताटभर सोलून दिली. जेवणात वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांनी बहिणीला एकच विचारलं, "किती दिवस राहतं?" आणि उत्तराची वाट न पाहता माणसांना शिड्या हलवायला सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला झाडांमध्ये घेऊन गेल्या. वृषालीला म्हणाल्या, तू इथंच बस.

"थे नशेचं काय होतं, सांग बरं मले," त्या म्हणाल्या. "सगळं सांग. डॉक्टरनं सांगतलं थेही अन् तू लिहिलं थेही."

मी सांगितलं. पत्रकातला परिच्छेद जसाच्या तसा सांगितला. मग फोन काढून एका ओळखीच्या डॉक्टर मैत्रिणीला लावला आणि काकूंसमोर तिला सगळं विचारलं. तिने बेहोशीवाल्या डॉक्टरांचंच म्हणणं सांगितलं, वर धोकेही सांगितले: रक्तदाब वाढू शकतो, मळमळ होते, शुद्धीवर येताना विचित्र दिसतं, काहींना भीती वाटते. मी मधे मधे आवाज चढवला. मैत्रीण म्हणाली, "तुला हवं ते उत्तर माझ्याकडे नाही. जे आहे ते हे आहे."

काकू एका झाडाच्या बुंध्याशी बसल्या होत्या. "मतलब, बरी होईन का नाही हे कोणालेच माहीत नाही."

"नाही."

"अन् थे टेबलावर नाही झोपली तं?"

 कालचा झटका दोघींच्याही डोळ्यांसमोर होता.

"पाह्य पोरी," त्या म्हणाल्या, "मले पोटाचं भेव नाही. मागच्या खेपेले शुद्धीवर आली तवा सगळे हसत होते. म्हणे, चांगलं झालं, चांगलं झालं. मले वाटे माया आतला दिवा कोणी फुकला. मी कोणाले सांगू? सारे खुश. मी रडली तं म्हणत, खुशीत रडून राहिली." त्यांनी साडीला लागलेलं गवत काढलं. "आता आधीच सांगून जाईन. कोणी हसलं तं म्हणीन, थांबा. औषध गुण देईन तं देईन. पण आकडा मी दिला हाय. थो मागं नाही घेत."

"काका?"

"तुया काकाले मी पाहतो." इकडे बायकाही कधी कधी असं पुरुषी बोलतात. "तू फक्त तिथं तोंड बंद ठेवजो."

माझ्या भाषणांवर इतका थोडक्यात निकाल आजवर कुणी दिला नव्हता. डॉक्टरांना फोन काकूंनी स्वतः केला, बागेतच उभं राहून. वामनकाकांना त्यानंतर. ते बोलणं मी दुरून पाहिलं. त्या फार बोलल्या नाहीत. पलीकडून बराच आवाज येत असावा, कारण मधे त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि एका बाईला सांगितलं, "थे डागाचं मोठ्यात नोको टाकू वं." मग फोन पुन्हा कानाला लावला. "झालं तुमचं? मंग परवा या सौंसरले. चादर आणा."

पुन्हा सौंसर

काका चादर घेऊन आले. बरोबर कमलाबाई, त्यांच्याकडे डबा. कुणी नशेचा शब्द काढला नाही. आत नेण्याआधी डॉक्टरांनी काकूंना सगळं पुन्हा सांगितलं आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "शुद्धीवर येतील तेव्हा खोलीत एकच जण. हळू बोलायचं. चांगलं झालं, चांगलं झालं, असं कुणी म्हणायचं नाही." काकूंनी फोनवर त्यांना तेही सांगितलं होतं तर.

वृषाली आत राहिली. तिने नंतर सांगितलं, काकू डोळे उघडून छताकडे पाहत होत्या. छताला संत्री लागली आहेत आणि झाडं चालत चालत लांब जाताहेत, असं म्हणाल्या. त्यांनी तिचा हात घट्ट धरला, घाबरल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "हे थेच हाय. डॉक्टर म्हणत होते थे." दोनदा उलटी झाली. मग झोपल्या.

माणसाला आधी नीट सांगितलेलं असलं की भीतीलाही ओळख असते. हे वाक्य मी पुढच्या पत्रकात घालणार आहे. मोठ्या अक्षरात.

पुढचे दिवस मी डोळ्यात तेल घालून काकूंकडे पाहत होते आणि त्यांना ते आवडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरणात मीठ कमी असल्याचं कमलाबाईंना सांगितलं. कमलाबाई रागावल्या आणि आनंदानं रागावल्या. चौथ्या दिवशी पांढुर्ण्याला घरी आल्यावर काकू सकाळी रडल्या. सगळ्यांचे चेहरे पडले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "विहिरीला पाणी लागलं म्हणून बाग आपोआप भिजत नाही. पाट काढावे लागतात. नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेणं चुकवू नका." वामनकाकांनी स्वतः नागपूरची वेळ घेतली. दुकानात मात्र सांगितलं की पाइपांचा माल पाहायला चाललो. मी त्यावर काहीतरी बोलणार होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बोलले नाही.

मी निघाले त्या दुपारी शेजारच्या दोघी भेटायला आल्या, सासू आणि सून, बिस्किटाचा पुडा घेऊन. सुनेचं पुढच्या महिन्यात थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन होतं. सून विशीतली, गळ्याभोवती पदर गुंडाळून बसलेली.

"तबियत कशी हाय पुष्पाची?" सासूने विचारलं.

"एकदम ठीक..." कमलाबाईंनी सुरुवात केली.

"थांबा जी बाई, मले विचारून राहिली ते," काकू म्हणाल्या. उशी पाठीमागे सरकवून त्या नीट बसल्या. "पोट बरं हाय. मन अजून पुरतं नाही. पण मागच्यासारखं नाही. काल जेवली. परवा रडली. मनाच्या डॉक्टरकडं चालली हाव, नागपूरले."

दारात उभे असलेले वामनकाका खाली बघू लागले. सासूने पुडा पुढे सरकवला. "बिस्किट घ्या ना," ती म्हणाली.

काकूंनी सुनेकडे पाहिलं. "तुले भेव लागते काय?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "तिले कायचं भेव? शिकलेली पोट्टी हाय."

"तुम्ही आत जा, चहा घ्या," काकू सासूला म्हणाल्या. "कमलाबाई, यायले घेऊन जा. तुम्हीही खाली जा जी, दुकानात गिऱ्हाईक असंन." काका निमूट जिना उतरले. खोलीत सून, काकू आणि मी राहिलो. मी पुढे सरकून बसले. मला ऐकायचं होतं; एवढ्यासाठी तर मी आले होते.

"तूही," काकू मला म्हणाल्या. "दार लोटून घेजो."

मी बॅग उचलून बाहेर आले आणि दार लोटलं. म्हणून आत काय बोलणं झालं ते मला इथे लिहिता येत नाही. माझी गाडी निघायची वेळ झाली, सासूचा चहा संपला, वृषाली खालून हाका मारू लागली, तरी दार बंदच होतं.